चाळीस किलो साखळी

सावेलीने एक भलामोठा कॉड मासा शेपटीला धरून वर उचलला, माझ्या दिशेला तोंड केलं आणि पाळण्यातलं पोर झुलवावं तसा झुलवला.

मी दुर्बीण खाली घेतली. च्यायला.

आमच्या आणि त्यांच्या जहाजात अर्धा मैल पाणी. नुसत्या डोळ्यांना तो मुंगीएवढा दिसला असता. पण मी दुर्बीण लावून त्यांच्या डेकवरची मासळी बघत होतो, आणि तो मेला त्याआधीच दुर्बीण लावून माझी बघून मोकळा झाला होता. म्हणून तर मासा दाखवला. वायरलेसवर आकडा आलाच मागाहून. त्यांचे चारशे बारा, आमचे तीनशे ऐंशी.

ही गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची. मी हर्णैचा गोमा चोगले, सातवी नापास. बापाच्या होडीवर खलाशी, मग मुंबईतल्या एजंटाच्या ओळखीने मालवाहू जहाजावर, आणि असं टप्प्याटप्प्याने वर सरकत सरकत नॉर्वेच्या एका जहाजावर डेकचा मुख्य. बोसन म्हणतात. जहाजाचं नाव स्कार्वेन. समुद्र बॅरेंट्स. नकाशात जिथे कागद संपतो ना, त्याच्या दोन बोटं खाली. ऑगस्टात तिकडे सूर्य मावळायचा कंटाळा करतो आणि वारा असा की कान जागेवर आहेत का ते हात लावून बघावं लागतं.

आमचं जहाज मासे धरायचं नव्हतं, मोजायचं होतं. त्या समुद्रातला कॉड अंडी घालतो नॉर्वेच्या बाजूला आणि चरून मोठा होतो रशियाच्या पाण्यात. म्हणजे म्हैस एक आणि गोठे दोन. कोणी किती दूध काढायचं हे ठरवायला दोन्ही देश दरवर्षी आपापलं जहाज पाठवून मासळी मोजायचे आणि दोघांची बेरीज करून पुढच्या वर्षाची पकड ठरवायचे. त्या वर्षी रशियाचं जहाज नवीन होतं, ताइबोला नावाचं, आणि सावेली त्याचा बोसन. नवीन जहाजाचं जाळं किती धरतं ते आधी पडताळायला हवं. म्हणून दोन्ही जहाजांनी शेजारी शेजारी, एकाच वेळी, एकाच वेगाने जाळं ओढायचं, बरोबर पंधरा मिनिटं. वर घ्यायचं, मासे मोजायचे. अशा दहा ओढी. आकडे जवळपास सारखे आले की दोन्ही जहाजं एका मापाची, मग दोघांची बेरीज खरी.

हे मला तुरीडबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं. तुरीड म्हणजे आमच्या जहाजावरच्या शास्त्रज्ञांची मुख्य. चाळिशीची, उंच, हसायला वेळ नसलेली बाई. मी मान डोलावली होती. समजलंही होतं.

पण बापाबरोबर समुद्रात गेलो तेव्हापासून मला एकच शिकवण. बंदरात शिरताना आधी शेजारच्या होडीतल्या मासळीच्या पाट्या मोजायच्या, मग आपल्या. आपल्या कमी असल्या तर आई काही बोलायची नाही, नुसती बघायची.

दुसऱ्या ओढीला त्यांचे तीनशे अठ्ठ्याण्णव, आमचे तीनशे एकाहत्तर. सावेलीने ह्या वेळी दोन मासे झुलवले.

जेवायला गेलो तर इनास कढई घासत होता. इनास आमचा कुक, वेंगुर्ल्याचा. सगळ्या जहाजावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यातही तो मालवणीच बोलायचा.

"काय रे मेल्या," तो बोलला, "त्या रशियनान तुका मासो दाखवलो म्हणतत?"

"तुला कोणी सांगितलं?"

"सगळ्या जहाजान बघलो. कप्तान हसा होतो."

"ते जाळं नवीन आहे त्यांचं."

"होय तर! जाळा नवीन, आणि हर्णैचो चोगले जुनो."

मी ताट अर्धं ठेवून उठलो.

आता तुम्हाला जाळ्याचं सांगतो. ट्रॉलरच्या जाळ्याच्या खालच्या काठाला एक जाड दोर असतो, त्यात रबराच्या चकत्या ओवलेल्या. तो तळाला घासत जातो. तळ आणि दोर ह्यांत फट राहिली की शहाणा मासा खालून सटकतो. ती फट बंद करायची तर वजन वाढवायचं. हे कोणत्याही कोळ्याच्या पोराला कळतं. मी स्टोअरमधून साखळी काढली, चार तुकडे केले आणि रबराच्या चकत्यांमागे बांधले. वरून कोणाला दिसणार नाही असे. सगळी मिळून चाळीस किलो.

बांधताना मनात काही पाप नव्हतं. खोटं कशाला सांगू? मला मजा येत होती.

तिसऱ्या ओढीला आमचे सहाशे चाळीस. त्यांचे चारशे पाच. मी सगळ्यात मोठा कॉड निवडला, दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि डेकच्या कठड्याला टेकून उभा राहिलो. दुर्बिणीची गरज नव्हती. सावेली बघतोय हे मला पाठीनेसुद्धा कळलं असतं. चौथ्या ओढीला आमचे सातशे दोन.

संध्याकाळी मासे मोजायच्या खोलीत चहा घेऊन गेलो. तिथे लेव्हकाका बसायचा. हा रशियाचा म्हातारा शास्त्रज्ञ. दोन्ही देशांनी एकेक माणूस एकमेकांच्या जहाजावर ठेवायचा अशी रीत होती, तो त्यांच्याकडून आमच्याकडे आला होता. त्याचं खरं नाव लेव्ह इग्नात्येविच. ते माझ्या जिभेवर बसेना म्हणून मी लेव्हकाका म्हणायला लागलो.

"काका म्हणजे काय?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"बापाचा भाऊ."

"चालेल," तो बोलला होता. "बाप नको. बापाला काम फार."

त्याचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं. त्यामुळे आमचं झकास जमायचं. त्याचा चहा मीच न्यायचो, दूध नाही, दोन चमचे जॅम घालून. तो कॉडचं डोकं चिरून आतले दोन पांढरे खडे चिमट्याने काढायचा, मोडायचा आणि भिंगाखाली धरायचा. झाडाच्या खोडाला असतात तशी त्या खड्याला वर्तुळं असतात. एक वर्तुळ म्हणजे एक वर्ष.

"आमच्याकडे घोळ माशाच्या डोक्यात असे खडे मिळतात," मी त्याला सांगितलं. "ह्याच्याहून मोठे."

"मग? तुम्ही वर्षं मोजता?"

"नाही. उगाळून पितो. मूतखड्यावर औषध."

त्याने भिंगातून डोकं वर काढलं. "उगाळून?"

"माझी आजी पाजायची सगळ्यांना."

"अरे देवा," तो बोलला आणि असा हसला की चिमटा खाली पडला. "मी तीस वर्षं एकेक वर्ष मोजतोय, आणि तुझी आजी दहा-दहा वर्षं एका वाटीत पाजते!"

पण त्या संध्याकाळी तो खड्यांकडे बघत नव्हता. त्याच्यापुढे कागद होता, चार ओळींचा. दोन ओळी सारख्या, दोन वेड्यावाकड्या. तुरीडबाई शेजारी उभ्या होत्या.

"गोमा," त्या बोलल्या, "जाळं ठीक आहे?"

"एकदम ठीक."

"काही बदल?"

"काही नाही."

तोंडातून निघून गेलं. लेव्हकाकाने चहा घेतला, मला थँक्यू म्हणाला आणि पुन्हा कागदाकडे बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी वारा वाढला. जेमतेम दोनच ओढी झाल्या. आमचे सहाशे पंचावन्न आणि सहाशे नव्वद. आणि ताइबोलाचे? दोनशे दहा. मग एकशे साठ. वायरलेसवर त्यांचा माणूस सांगत होता, जाळ्यात चिखल फार, तारामासे फार, दगडसुद्धा आलेत.

मी दुर्बीण लावली. सावेली चिखलात घोट्यापर्यंत उभा राहून पाइपने जाळं धूत होता. मासा नाही, झुलवणं नाही. त्याने माझ्या दिशेला मान वळवलीच नाही.

मला वाटलं होतं, मजा येईल. नाही आली.

दुपारी लेव्हकाका डेकवर आला, जाळं ओढायच्या विंचच्या आडोशाला. तो सहसा थंडीत बाहेर यायचा नाही.

"काका, आत बसा. वारा लागेल."

"गोमा, तू मच्छीमार आहेस. एक सांग. एकाच पाण्यात, एकाच वेळी दोन जाळी ओढली. एकात सहाशे, एकात दोनशे. असं का होतं?"

मी हातमोज्याचा धागा ओढत राहिलो. "जाळं फाटलं असेल."

"तपासलं. नाही फाटलं."

"मग... खालचा तळ."

"तळ सारखा आहे." त्याने खिशातून सिगारेट काढली, पेटवली नाही. "आमच्याकडे काही माणसं आहेत. मोठ्या खुर्च्यांवरची. त्यांचं म्हणणं, नॉर्वेवाले आकडे खोटे देतात, आपण आपले आकडे त्यांना द्यायचे बंद करा. तुरीडला विचार, तिच्याकडेही तशीच माणसं आहेत. ती म्हणतात, रशियावाले खोटे. तीस वर्षं मी त्यांना एकच उत्तर देतोय. चला, शेजारी शेजारी ओढून बघू. आणि तीस वर्षं आकडे जुळलेत."

"आणि ह्या वर्षी नाही जुळले तर?"

"ही माझी शेवटची फेरी, गोमा. मार्चमध्ये मी निवृत्त होतो. नाही जुळले तर ती माणसं म्हणतील, बघा. मग पुढच्या वर्षी हे मोजतील वेगळं, ते मोजतील वेगळं, आणि मासा..." त्याने सिगारेट परत खिशात ठेवली. "मासा बिचारा एकच आहे."

तो आत गेला. मी विंचला तेल द्यायला लागलो. ज्या विंचला सकाळीच दिलं होतं.

रात्रीचं जेवण वाढून झालं तेव्हा मी इनासला सगळं सांगितलं. तो बटाटे सोलत होता. सुरी थांबली.

"चाळीस किलो?"

"चाळीस."

"माका वाटला, तू जाळा नीट बांधून घेतलंस म्हणान जास्त गावता."

"आता काय करू?"

"गप रव," तो बोलला. "काढून टाक सकाळीच, कोणाक कळाचा नाय. उद्या आकडे खाली येतले, झाला."

"आणि झालेल्या चार ओढी?"

"त्या कागदार गेल्या, गेल्या." मग सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "गोमा, तुझा काँट्रॅक्ट दोन वर्साचा. सांगलंस तर पयल्या बंदरार उतरवतले. घराक काय सांगतलंस? रशियनान मासो दाखवलो, म्हणान नोकरी गेली?"

बरोबर बोलत होता तो. घरी पोरीच्या लग्नाचं ठरलं होतं. अशी नोकरी पुन्हा मिळण्याची बात सोडा.

साखळी सोडून टाकायची असं ठरवून मी झोपलो. सकाळी उठून डेकवर जायच्या आधी चहा घेऊन मासे मोजायच्या खोलीत गेलो. रोजचाच चहा होता. दार अर्धं उघडं. तुरीडबाई कॉम्प्युटरपुढे आणि लेव्हकाका उभा राहून सांगत होता.

"लिही. ताइबोलाच्या जाळ्यात दोष. दोष कोणता, ते सापडलेलं नाही. ह्या वर्षीचे ताइबोलाचे आकडे बेरजेत धरू नयेत."

"लेव्ह, सगळेच?"

"सगळेच. खाली माझी सही."

"तुझी सही कशाला? जहाजाच्या कप्तानाची घेऊ."

"नाही. जाळं मी निवडलं. दोष माझा."

मी खांद्याने दार ढकललं. दोघांनी वळून बघितलं.

"ठेव तिथे, गोमा," लेव्हकाका बोलला.

"नका लिहू," मी बोललो.

"काय?"

"ते नका लिहू. त्यांचं जाळं ठीक आहे. माझ्या जाळ्याला साखळी आहे. चाळीस किलो. मी बांधली."

तुरीडबाई खुर्चीवरून उठल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उतरला. तो जास्त वाईट.

"मी तुला विचारलं होतं. ह्याच खोलीत."

"हो."

"तू म्हणालास, काही बदल नाही."

"खोटं बोललो."

"कोणाच्या सांगण्यावरून? कप्तानाच्या? कंपनीच्या?"

"नाही हो. कोणी नाही सांगितलं."

"मग का?"

काय सांगायचं? एवढ्या शिकलेल्या दोन माणसांपुढे, दोन देशांच्या मधोमध उभं राहून मी काय सांगणार होतो?

"सावेलीने मासा दाखवला," मी बोललो.

"कोणी काय?"

"तिकडच्या बोसनने. त्यांचे बत्तीस जास्त आले ना पहिल्यांदा. त्याने मासा धरून असा... असा झुलवला."

आणि मी झुलवून दाखवला. हातात मासा नसताना.

तुरीडबाईंनी डोळे मिटून घेतले.  लेव्हकाकाने पट्टी घेतली, कागदावरच्या तिसऱ्या ओळीपासून खाली एकेक ओळ सरळ रेघ मारून कापली. चार रेघा.

"कधीपासून, ते विचारायला नको," तो बोलला. "कागदावर दिसतंय."

"पहिल्या बंदरावर उतरशील तू," तुरीडबाई बोलल्या.

"हो," मी बोललो.

"थांब, तुरीड." लेव्हकाका खुर्चीवर बसला. आत्ता पहिल्यांदा तो थकलेला दिसला. "ह्याला उतरवलं तर आमच्याकडे काय कळेल? नॉर्वेच्या जहाजाने जाळ्याला साखळी बांधली आणि मग खलाशाच्या नावावर घातलं. असंच म्हणतील. ह्याला आज तिकडे पाठव. ताइबोलावर. साखळी बरोबर दे. त्यांच्या डेकवर, त्यांच्या माणसांसमोर हा स्वतः सांगेल. आणि टेप घेऊन त्यांचं जाळं इंच इंच मोजेल. मग पुन्हा ओढू. एक दिवस जास्त लागेल."

 तुरीडबाई कप्तानाकडे दिवस मागायला गेल्या. मी दाराशी उभा होतो.

"काका..."

"चहा गार झाला," तो बोलला. "दुसरा आण. नंतर जा."

छोट्या बोटीतून मला ताइबोलावर नेलं. साखळी गोणीत भरून खांद्यावर. दोराच्या शिडीवरून चाळीस किलो घेऊन चढणं काय असतं ते चढल्यावर कळतं. वर सावेली उभा होता. जवळून पहिल्यांदा बघितला. माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच ढेरी सुटलेला, नाकावर जुन्या जखमेची खूण.

मी गोण त्याच्या पायाशी उलटी केली. साखळी खणखणत पडली. त्याचे खलाशी गोळा झाले. मी साखळीकडे बोट केलं, माझ्या जहाजाकडे केलं, माझ्या छातीवर ठेवलं. मग मासा झुलवून दाखवला, आधी त्याचा, मग माझा.

कळलं सगळ्यांना. एक पोरगेला खलाशी हसला, बाकीचे नाही हसले. मला वाटलं, सावेली आता एक ठेवून देणार. द्यायला हवी होती. पण त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला आणि तो साखळीकडेच बघत राहिला.

मी टेप काढला, त्याच्या जाळ्याजवळ उकिडवा बसलो. लांबी मोजली, बरोबर. चकत्या मोजल्या, बरोबर. मधोमध आलो आणि रबरामागे हात घातला तर बोटांना गार लोखंड लागलं. जाळीदार साखळी, कड्यांना आडव्या कड्या. जहाजावर अशी साखळी नसते. मी मान वर केली.

मागच्या डेकवर ताडपत्रीखाली एक मोटार बांधून ठेवलेली. त्या काळात रशियाचे खलाशी नॉर्वेत जुन्या गाड्या घ्यायचे आणि जहाजावर लादून घरी न्यायचे. ताडपत्रीचं एक टोक वाऱ्याने उडत होतं, आत लाल रंग दिसत होता. बर्फात टायर घसरू नयेत म्हणून चाकांना साखळ्या लावतात ना, त्या होत्या माझ्या हाताला लागलेल्या.

मी सावेलीकडे बघितलं. सावेलीने गाडीकडे बघितलं.

म्हणजे पहिल्या दिवशी मी सातशे धरले, तेव्हा ह्या माणसाने घरी बायकापोरांसाठी नेत असलेल्या गाडीच्या साखळ्या काढून जाळ्याला बांधल्या होत्या. आणि त्या मधोमध बांधल्यामुळे जाळं नाक खुपसून चिखल उकरत गेलं. माझ्या आडदांडपणाने मासा जास्त आला, त्याच्या आडदांडपणाने चिखल.

तो माझ्याजवळ उकिडवा बसला. खलाशांकडे पाठ केली. ओठांवर बोट ठेवलं. मग पकडीने कापल्यासारखं केलं, आणि मुठीतलं पाण्यात टाकल्यासारखं. बुडुक. आणि आमच्या जहाजाकडे मान करून हळूच बोलला, "लेव्ह इग्नात्येविच... प्लीज."

त्याचे डोळे बघितले आणि मला कळलं, हा म्हाताऱ्याला घाबरत नाही. हा त्याला मानतो.

दोन मिनिटांचं काम होतं. पकड माझ्या पट्ट्याला लटकत होती. कापून टाकलं असतं तर सगळा दोष एकट्या माझ्या नावावर राहिला असता आणि तो तर राहिलाच होता. आणि म्हाताऱ्याच्या बाजूचं सगळं साफ दिसलं असतं.

मी पकड नाही काढली. माझ्या साखळीच्या ढिगावर बसलो, वॉकीटॉकी काढला आणि त्याच्यापुढे धरला.

त्याने मान हलवली. नाही.

मी हात तसाच ठेवला.

त्याने सिगारेट पेटवली. मलाही दिली. आम्ही शेजारी बसून ओढल्या. त्याने माझी साखळी हातात घेतली, कडी निरखली, आपटून बघितली. दुसरी सिगारेट. माझा हात आता दुखायला लागला होता. मग त्याने शिवी दिली, शिवीच असणार, कुठल्याही भाषेतली कळते, आणि वॉकीटॉकी घेतला.

तो रशियनमध्ये बोलत राहिला. मला एवढंच कळलं की 'लेव्ह इग्नात्येविच' तीनदा आलं आणि तिन्ही वेळा आवाज आणखी खाली गेला. मग थांबला. पलीकडून काही नाही. नुसती खरखर. सावेलीने डोकं गुडघ्यात घातलं.

मग वॉकीटॉकीतून इंग्रजीत आवाज आला. माझ्यासाठी.

"गोमा. त्याच्या साखळीचं वजन किती?"

मी सोडवून, काट्याला लावून बघितलं. "बावीस किलो, काका."

"आणि तुझी?"

"चाळीस."

"बरं," तो बोलला. "म्हणजे लिहायला हरकत नाही. माझा देश अर्धाच चोर निघाला."

वॉकीटॉकीत त्याच्या मागून एक आवाज आला. मला वाटलं तुरीडबाई खोकताहेत. इनासने नंतर शपथेवर सांगितलं, बाई टेबलाला धरून हसत होत्या, डोळे पुसत. अडीच महिन्यांत पहिल्यांदा.

सावेलीला मी हातवाऱ्यांनी सांगितलं, बावीस आणि चाळीस. त्याने विचार केला. मग छाती पुढे काढली आणि पंज्याने दाखवलं, तू थोर. तू मोठा चोर.

त्या दुपारपासून पुन्हा ओढी घेतल्या. तिसरीपासून दहावीपर्यंत, दीड दिवस. आठही ओढी झाल्यावर बेरीज केली तेव्हा दोन जहाजांत तेरा माशांचा फरक होता. ते तेरा त्यांच्या बाजूला जास्त. सावेलीने मासा झुलवला नाही. दोन्ही हातांच्या बोटांनी तेरा दाखवायला गेला, बोटं कमी पडली, तर बाजूच्या खलाशाचा हात वर केला.

आकडे जुळले. लेव्हकाकाने ताइबोलाचे सगळे आकडे बेरजेत धरले, त्याची सही झाली, तुरीडबाईंची झाली. कापलेल्या चार ओढींपुढे कारणाचा रकाना होता. तुरीडबाई म्हणाल्या, "इथे लिहू, जाळ्यात बिघाड. कशाला उगाच?"

"नाही," म्हातारा बोलला. "झालं ते लिहायचं." आणि स्वतःच्या हाताने लिहिलं. मी नंतर इनासकडून वाचून घेतलं. 'दोन्ही जहाजांच्या बोसननी आपापल्या जाळ्याला साखळ्या बांधल्या. वजन चाळीस आणि बावीस किलो. कारण, शेजारी.'

मला उतरवलं नाही. तुरीडबाईंनी बोलावून सांगितलं, "पुढच्या वर्षीपासून ओढी सुरू व्हायच्या आधी तू ताइबोलावर जाशील आणि त्यांचं जाळं मोजशील. त्यांचा बोसन इथे येऊन तुझं मोजेल. तुमच्या दोघांएवढी नजर आमच्यापैकी कोणाकडे नाही."

तो नियम झाला. छापील कागद निघाला त्याचा. लेव्हकाका मार्चमध्ये घरी बसला. पुढच्या ऑगस्टात सावेलीच्या हाती त्याने माझ्यासाठी जॅमची बाटली पाठवली, सोबत चिठ्ठी. 'तुझ्या आजीच्या औषधाने माझा मूतखडा पडला का, ते विचारू नकोस,' एवढंच लिहिलं होतं.

मी स्कार्वेनवर पुढे नऊ वर्षं होतो. दर ऑगस्टात एक दिवस सावेली शिडी चढून यायचा, माझ्या जाळ्यापाशी उकिडवा बसायचा आणि प्रत्येक चकतीमागे बोट घालून बघायचा. एकही सोडायचा नाही. मग आम्ही चहा प्यायचो, मी त्याच्या बोटीतून तिकडे जायचो आणि त्याची एकेक चकती तपासायचो. त्याची भाषा मला आली नाही, माझी त्याला नाही. कागदावर खाली सहीची जागा असायची. माझ्या जाळ्याखाली त्याची सही. त्याच्या जाळ्याखाली माझी, मराठीत.